मध्यमापर्यंत झालंय!

मंडळी, आपल्या आयटीतल्या कुठल्याही टीममध्ये विचारा, "वाद्य कोण वाजवतं?" दोन-तीन हात वर होतात, तेही अर्धेच. "तबला ना? मध्यमापर्यंत झालंय माझं. पण आता हात गेला रे..."

या दोन्ही वाक्यांवर माझा राग आहे.

'झालंय' म्हणजे काय? लस आहे का ती, टोचली की संपलं? पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते संगीत सामान्य माणसापर्यंत पोचावं म्हणून. आपण त्या परंपरेतून उचललं काय? तर शिडी! प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा... मग दहावी आली. सर्टिफिकेट फायलीत, तबला माळ्यावर.

दुसरं वाक्य तर धडधडीत खोटं. हात असा 'जात' नाही. नोकरीपायी शहरं बदलत राहिलो, त्यात नऊ वर्षं गेली. मग पुन्हा बसलो. तीनतालाच्या १६ मात्रा पहिल्याच दिवशी बिनबोभाट वाजल्या, सम शोधावी लागली नाही. गेला होता तो वेग. 'तिरकिट' दुगुनीत घेतलं की नुसता चिखल! पण याच नऊ वर्षांत हेडफोन लावून झाकीरभाईंना इतकं ऐकलेलं, की कान कुठल्या कुठे पोचलेला. हात खाली, कान वर. ही मधली दरी टोचते, आणि तिलाच आपण 'हात गेला' म्हणतो. च्यायला, कान सुधारला ही वाईट बातमी कधीपासून झाली?

उपाय साधा आहे, म्हणूनच कोणाला आवडत नाही. लय निम्मी करा. लेहरा लावा आणि महिनाभर एकच कायदा, रोज २० मिनिटं, प्रत्येक बोल स्वच्छ वाजेपर्यंत. नवी महागडी जोडी घेऊ नका, जुनीलाच नवी पुडी चढवून घ्या. आणि 'पार्टीत वाजव ना' म्हणणाऱ्याला वर्षभर सरळ नाही म्हणा.

"पण आता कुठे मोठे कलाकार होणार आपण?" हा प्रश्न हमखास येतो. रविवारी मैदानावर टेनिस बॉलने खेळणाऱ्याला कोणी विचारतं का, रणजीला कधी निवड होणार म्हणून? मग हा जाच फक्त संगीतालाच का?

आणि यात नुकसान फक्त आपलं नाही. आपण मुलांना हौसेने क्लासला घालतो, पण घरात मोठं माणूस वाद्याला हात लावताना त्यांना दिसत नाही. मग तबला हा त्यांच्यासाठी शाळेतलाच आणखी एक विषय होतो, आणि विषय संपतात. काही वर्षांनी तीही कुठल्यातरी ऑफिसात अर्धा हात वर करून सांगतील, "मध्यमापर्यंत झालंय."

असो. पुडीवाल्याकडे या शनिवारीच जा. पुढच्या शनिवारी रिलीज असते :-)