‘मी जातो’ म्हणणाऱ्या मुलींसाठी

संपादक महाशय,


ज्या व्यक्तीचे लिंग ठाऊक नाही, अथवा जी स्वतःस स्त्री वा पुरुष यांपैकी काहीच म्हणवून घेत नाही, तिच्यासाठी इंग्रजीत ‘दे’ हे सर्वनाम एकवचनी योजणे म्हणजे व्याकरणाचा उघड भंग होय, असा आक्षेप आमच्याकडील शिक्षकवर्गात वारंवार ऐकू येतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलभागात आयुष्यभर मराठी शिकविलेल्या मला तो मुळीच मान्य नाही.

व्याकरणातील लिंगभेद सर्वत्र एकसारखा नसतो, हे आमच्याकडेच दिसते. आमच्या झाडीपट्टीतील पुष्कळ स्त्रिया ‘मी जातो’, ‘मी येतो’ असेच म्हणतात. स्वतःविषयी बोलताना क्रियापदावर स्त्रीत्वाची मोहोर उमटविण्याची गरज त्यांना भासत नाही. गोंडी-माडियात तर वाटणीच निराळी : एकवचनात पुरुषासाठी एक सर्वनाम, आणि स्त्री, गाय, झाड, दगड या सर्वांसाठी दुसरे. तेव्हा माडिया बोलणारे भामरागडकडचे मूल मराठीत ‘ती’ आणि ‘ते’ यांची गल्लत करते, ते अज्ञानाने नव्हे, तर आपल्या मातृभाषेचे व्याकरण इमानाने पाळूनच. या दोन्ही प्रकारांवर मी वर्षानुवर्षे तांबड्या शाईच्या रेघा ओढल्या, आणि त्याचा मला आज मनापासून खेद होतो.

‘दे’मुळे एकवचन-अनेकवचनाचा घोटाळा होईल, ही तक्रारही टिकणारी नाही. ‘ते आले’ म्हटल्यावर एक गुरुजी आले की दहा माणसे, हे आपण प्रसंगावरूनच ओळखतो. दारावर थाप पडली की ‘कोण आलं?’ असे नपुंसकलिंगीच विचारतो. 1962 च्या शुद्धलेखन-नियमांनी ‘तें’वरचा अनुस्वार काढला, तेव्हा ‘तें मूल’ आणि ‘ते लोक’ यांतील सर्वनामे कागदावर एकरूप झाली, तरी मराठीचे काही अडले नाही. इंग्रजीतील ‘यू’ मूळचे अनेकवचनच, आणि एकवचनी ‘दे’चे दाखले तर चौदाव्या शतकापासूनचे आहेत.

सरकारी दफ्तराचे पाहावे, तर 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम 13 ने पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा समावेश केला, आणि 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने इंग्रजी ‘ही’ या पुल्लिंगी सर्वनामाची व्याप्ती तृतीयपंथीयांपर्यंत नेली. मसुदा लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी सर्वनामाचा अर्थ असा विस्तारता येतो, तर एखाद्या जित्याजागत्या माणसाचा मान राखण्यासाठीच तो का विस्तारू नये, याचे उत्तर आक्षेपकांनी द्यावे.

लेखी परीक्षेसाठी प्रमाणभाषेचे नियम अवश्य शिकवावेत. ते कळल्यावाचून मुलांना पुढे नोकरीचा साधा अर्जही नीट लिहिता येणार नाही. परंतु माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना कळकळीची विनंती आहे, की तोंडी उत्तर देताना एखादी मुलगी ‘मी जातो’ म्हणाली, तर तिला मध्येच थांबवू नका. तिचे उत्तर आधी पूर्ण ऐकून घ्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
सिंदेवाही, जि. चंद्रपूर