ग्रामसभेला हिशेबनीस हवा

गडचिरोलीविषयी मुंबई-पुण्यात दोनच सूर ऐकू येतात. लोहखनिज निघाले, आता जिल्ह्याचे भाग्य उजळणार, हा एक. आदिवासींना त्यांच्या जंगलात सुखाने राहू द्या, हा दुसरा. दोन्हींत आदिवासींना काय हवे ते परस्पर ठरलेले असते.

सुरजागडच्या खाणीमुळे एटापल्ली तालुक्यात नियमित पगार आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. तेंदूपत्त्याचा हंगाम उन्हाळ्यातल्या काही दिवसांत आटोपतो, धान पावसावर. अशा घरातल्या बारावी झालेल्या माडिया पोराला 'संस्कृती जप' असा उपदेश, निदान ज्याची मुले परदेशात शिकतात त्याने तरी, करू नये. पण खाण ज्या डोंगरावर आहे, त्याच डोंगरावर ठाकूरदेवाची यात्रा भरते. खनिजाच्या ट्रकांची धूळ आणि अपघातांची भीती ज्यांच्या वाट्याला येते, त्यातल्या अनेक गावांचा विरोध आजकालचा नाही.

कायदा कोणाच्या बाजूने आहे? अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या 1996 च्या पेसा कायद्यात मुरूम-वाळूसारख्या गौण खनिजाच्या पट्ट्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस सक्तीची आहे. लोखंड गौण खनिजात मोडत नाही, आणि भूसंपादनाआधी या कायद्यानुसार नुसता सल्ला घेतला की भागते. म्हणजे मुरमाला जेवढे विचारायचे, तेवढे डोंगराला नाही! खरा आधार 2006 च्या वनहक्क कायद्याचा. त्याच्याच बळावर सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ओडिशातल्या नियमगिरीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला.

म्हणून निर्णय ग्रामसभेने घ्यावा, या बाजूला आमचे माप झुकते. मात्र ग्रामसभा म्हणजे जादूची कांडी नव्हे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती होता. 2011 मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा परवान्याचे पुस्तक ग्रामसभेकडे गेले. त्यामागे अभ्यासगट आणि सर्वसहमतीने निर्णय घेण्याची कित्येक वर्षांची सवय होती. नंतर हक्क मिळालेल्या शेकडो गावांच्या हाती कागद आला, पण ती सवय लागायला सवड मिळाली नाही. तेंदूचा लिलाव आता अनेक ग्रामसभा स्वतः करतात. करारनामा वाचणारा, थकबाकीसाठी ठेकेदाराच्या मागे लागणारा माणूस गावात नसेल, तर वनखात्याच्या जागी व्यापारी बसतो, एवढाच फरक.

सर्वसहमतीतही मेख आहे. बैठकीत मागे बसलेली बाई गप्प राहिली की ती सहमत धरली जाते. शहरात शिकणारी पोरे तर बैठकीला नसतातच.

तरीही गावे चुकतच जातील असे मानण्याचे कारण नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तेंदूपत्ता तोडणेच बंद केले. नव्या पालवीसाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात, म्हणून आयती कमाई सोडून गाव बांबूवर उभे राहिले. हा निर्णय कोणा अधिकाऱ्याने लादला असता तर मोर्चा निघाला असता. उद्या एखादे गाव नीट माहिती घेऊन खाणीला 'हो' म्हणाले, तर तेही जंगलप्रेमींना मुकाट्याने पचवावे लागेल.

तोवर एक काम करता येण्यासारखे आहे. खनिज कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीने खाणबाधित भागासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. त्याआधीच्या पट्टेधारकांना स्वामित्वधनाच्या 30 टक्के रक्कम तिथे भरावी लागते. तिचे रस्ते होतात, इमारती होतात. त्यातलाच थोडा वाटा दर पाच-दहा ग्रामसभांमागे गोंडी-माडिया बोलणारा एक हिशेबनीस आणि एक कायदा जाणणारा कार्यकर्ता नेमायला द्यावा. त्यांची नेमणूक ग्रामसभांनी करावी, आणि काम पटले नाही तर काढूनही त्यांनीच टाकावे.