कुळाचा शोध

आपल्या घराण्याचा मूळपुरुष कोण, ही जिज्ञासा सर्व देशांत सारखीच आढळते. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ गलबतातून १०२ प्रवासी अमेरिकेस गेले. त्यांपैकी एखाद्याशी आपले नाते जुळते की काय, हे पाहण्यासाठी तेथील कुटुंबे आजही जुनी दप्तरे चाळीत असतात. गोव्यातही असा शोध चालतो. कोणास पासपोर्टासाठी दाखला हवा असतो, कोणास केवळ आपले मूळ जाणून घ्यावयाचे असते.

शोधाचे मुख्य साधन म्हणजे चर्चच्या नोंदवह्या. बाप्तिस्मा व विवाह यांची नोंद ठेवावी, असा नियम ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली केला. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईबाप व धर्ममातापिता यांची नावे असतात. पुष्कळदा आजी-आजोबांचीही सापडतात. म्हणून शेवटच्या ज्ञात नोंदीपासून एकेक पिढी मागे जावे. मात्र केवळ आडनावावर विसंबू नये. पूर्वी ते बहुधा धर्मपित्याचे किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या धर्मगुरूचे घेतले जाई. एका वाड्यावरील दोन फर्नांडिस एका रक्ताचे असतीलच असे नाही. गाव, वाडा आणि गावकारीतील वांगड यांवरून अधिक खात्रीचा माग लागतो.

डिचोली १७८१ साली व पेडणे १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेले. त्यामुळे तेथील ख्रिस्ती कुटुंबाचा शोध पुष्कळदा नदी ओलांडून बार्देशातील जुन्या चर्चकडे नेतो. तेथून आणखी मागे गेल्यास काय दिसते? संमोहनविद्येत कीर्ती पावलेले आबे फारिया १७५६ साली कांदोळीस जन्मले. त्यांचे पितृकुळ कोलवाळचे. सोळाव्या शतकात ख्रिस्ती झालेला अनंत शेणवी हा त्या कुळाचा पूर्वज होय, असे सांगतात. कोलवाळच्या नदीपलीकडे पेडणेच आहे!

त्याच शतकात दिवाडीचा सप्तकोटेश्वर भाविकांनी नदीपार डिचोलीतील नार्वे येथे नेला. तेथील देवालयाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली करविला. त्या धामधुमीत कित्येक घराणी दुभंगली. काही देवाबरोबर निघून गेली, काही मागे राहून ख्रिस्ती झाली. एकाच्या हाती कुलदेवतेचे नाव उरले, दुसऱ्याच्या हाती चर्चची वही. दोन्ही खुणा एकत्र ठेवल्या, तर पुष्कळदा गाव एकच निघते.

म्हणून कुळाचा अभिमान मिरविण्यासाठी जो शोधावयास निघतो, त्यास कदाचित शेजारीच आपला भाऊबंद भेटेल. संत मत्तयाने शुभवर्तमानाच्या आरंभी दिलेल्या वंशावळीत परदेशी रूथचेही नाव आहे. ते लपविलेले नाही.

वाचकांस आमची एवढीच विनंती आहे की, घरात वृद्ध माणूस असेल तर आजच त्याच्याजवळ बसावे आणि गाव, वाडा, धर्ममातापित्यांची नावे लिहून घ्यावी. वहीला वाळवी लागते. स्मरणशक्तीस तर तेवढाही अवधी नसतो.