हिरव्या पाण्याचे दोन मालक

शेततळ्याचं पाणी हिरवं झालं की ठिबकवाल्याच्या कपाळाला आठी पडते. जळगावात केळी असो वा साक्रीकडे डाळिंब, शेवाळ आलं म्हणजे सॅन्ड फिल्टर बसला आणि नळ्या तुंबल्या. मग मोरचुदाची पुरचुंडी दोरीला बांधून पाण्यात फिरवतात. पाणी नितळ होतं. त्याच तळ्यात जोडधंदा म्हणून रोहू-कटल्याची बोटुकली सोडलेली असते, हे त्या गडबडीत आठवत नाही.

मासेवाल्याला तर हिरवंच पाणी हवं. कोपरापर्यंत हात बुडवला आणि तळवा दिसेनासा झाला, की तळं पिकलं म्हणायचं. त्या हिरवाईवर सूक्ष्म प्राणी जगतात आणि त्यांच्यावर कटला. मृगळ तळाशी कुजणारं खातो. या सगळ्याच्या खाली राबतात ते जिवाणू. उरलेलं खाद्य आणि माशांची विष्ठा यांतून अमोनिया सुटतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट, आणि ते पुन्हा शेवाळाच्या तोंडी जातं. या मजुरांची मजुरी एकच, प्राणवायू.

मोरचुदाने शेवाळ मेलं की दिवसा प्राणवायू तयार करणारं कोणी उरत नाही. मेलेलं शेवाळ कुजवायला जिवाणू तुटून पडतात आणि पाण्यात उरलासुरला प्राणवायू संपवतात. पहाटे मासे वर येऊन तोंड मिटू-उघडू लागतात. त्यात खान्देशचा मे महिना, पारा पंचेचाळिशीला. कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. सकाळी मेलेले मासे तरंगताना दिसले की दोष मत्स्यबीजाला, नाहीतर नशिबाला.

2016 च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत 30 बाय 30 मीटरपर्यंतचं तळं आणि 50 हजारांपर्यंत अनुदान होतं. तळं कृषी खात्याचं, मासे मत्स्यव्यवसाय खात्याचे. पाणी मात्र एकच, आणि ते नितळ ठेवायचं की हिरवं, हे कोणत्या खात्याने सांगायचं? त्यातून अस्तराचा कागद अंथरलेला. गळती थांबते हे खरं, पण तळाच्या चिखलाशी पाण्याचा संबंधही तुटतो. खतं धरून ठेवणारी आणि हळूहळू सोडणारी कोठी म्हणजे तो चिखल. कागदी तळ्यात माशांना मातीच्या तळ्याचा हिशेब लावून चालत नाही, आणि दुकानातली जिवाणूंची पावडर ओतून ती कोठी परत येत नाही.

मासे ठेवायचेच असतील तर मोरचूद बंद. तळातलं पाणी ओढणारा पंपाचा फुटव्हॉल्व्ह तरंगत्या डब्याला बांधून मधल्या थरात आणावा. फिल्टर रोज धुवावा आणि धुतलेलं हिरवं पाणी केळीच्या सरीत सोडावं. त्यात नत्र आहे, आणि ते युरियाच्या गोणीसारखं विकत आणावं लागत नाही.