पॉडकास्ट ऐकवू नका, करायला द्या!

सेमिस्टरच्या पेपरची आदली रात्र. दीडशे पानांची पीडीएफ समोर आणि वाचायचा जाम कंटाळा. मग काय, पीडीएफ नोटबुकएलएममध्ये टाकायची आणि दोन आवाज आपल्याच सिलॅबसवर मस्त गप्पा मारताना ऐकायचे. गुगलने २०२४ मध्ये ही सोय आणली आणि आपल्यातल्या अनेकांचा अभ्यास इअरफोनमधून व्हायला लागला. मीही करून पाहिलं. पंधरा मिनिटं ऐकलं, मान डोलावली, ऐकता ऐकता मॅगीही केली. सकाळी पेपर हातात आला तेव्हा ते दोन आवाज आठवत होते. ते काय बोलले, ते काही आठवेना!

हे सांगायचं कारण म्हणजे आता शाळेतही पॉडकास्ट वापरा, असं सगळीकडे बोललं जातंय. कल्पना वाईट नाही. प्रश्न एवढाच आहे, की शाळेत पॉडकास्ट म्हणजे नक्की काय करायचं?

'पॉडकास्ट' हा शब्द जवळपास आपल्याच वयाचा. २००४ मध्ये 'द गार्डियन'मधल्या एका लेखात तो आला आणि पुढच्याच वर्षी 'न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरी'ने त्याला 'वर्ड ऑफ द इयर' ठरवलं. आपल्याकडे सरकारी शिक्षणात तो ठळकपणे आला तो लॉकडाऊनमध्ये. मे २०२० मध्ये 'पीएम ई-विद्या' योजना जाहीर झाली. त्यात टीव्ही चॅनेल्स होते, रेडिओ होता आणि सीबीएसईचा 'शिक्षा वाणी' हा पॉडकास्टही होता. शाळा बंद, नेट धड नाही, अशा वेळी आवाज हे सगळ्यात स्वस्त साधन होतं. आपल्या विदर्भातही त्या वर्षी आकाशवाणी नागपूरवरून 'प्रथम' संस्थेच्या मदतीने 'शाळेबाहेरची शाळा' भरत होती.

पण शाळा सुरू असताना, समोर बाई किंवा सर उभे असताना, मुलांना ऑडिओ का ऐकवायचा? तासाला जे शिकवतात तेच रेकॉर्ड करून लावलं, तर तो पॉडकास्ट नाही, ते न संपणारं लेक्चर आहे. त्यात मध्येच हात वर करून 'सर, कळलं नाही' म्हणायचीही सोय नाही.

याचं उत्तर पॉडकास्टच्या जन्माच्या कितीतरी आधी, निकाराग्वा या मध्य अमेरिकेतल्या छोट्या देशात सापडलं होतं. १९७० च्या दशकात तिथे पहिलीच्या मुलांना रेडिओवरून गणित शिकवण्याचा प्रयोग झाला. युक्ती साधी होती. रेडिओवरचा आवाज प्रश्न विचारायचा आणि काही सेकंद चक्क गप्प बसायचा. तेवढ्यात वर्गातली मुलं मोठ्याने उत्तर द्यायची, मग रेडिओ बरोबर उत्तर सांगायचा. पुढे अभ्यासकांनी तुलना केली, तेव्हा नुसती पाठ्यपुस्तकं मिळालेल्या वर्गांपेक्षा या रेडिओच्या वर्गांची गणितातली प्रगती जास्त दिसली. म्हणजे मुलं ऐकण्याने नाही, उत्तर देण्याने शिकली. खरं काम त्या काही सेकंदांच्या शांततेने केलं.

आता याच्या एक पाऊल पुढे जाऊ. उत्तर देण्याऐवजी मुलांनी अख्खा एपिसोडच केला तर?

अमेरिकेतलं एनपीआर हे सार्वजनिक रेडिओ नेटवर्क शाळकरी मुलांसाठी पॉडकास्टची स्पर्धा घेतं. २०१९ मध्ये तिचे पहिले विजेते जाहीर झाले. मोठ्या गटात टेनेसी राज्यातल्या एका हायस्कूलची मुलं जिंकली. त्यांच्या जवळच्या अर्विन गावात १९१६ साली सर्कशीतल्या मेरी नावाच्या हत्तिणीला क्रेनला लटकवून फाशी दिलं होतं. गावाला शंभर वर्षं चिकटून बसलेली ती नकोशी गोष्ट या मुलांनी खणून काढली आणि गाव तिच्यातून कसं बाहेर पडतंय, तेही सांगितलं. धाकट्या गटात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या आठवीच्या मुली जिंकल्या. त्यांचा विषय होता मासिक पाळी. त्याबद्दल बोलताना सगळे आवाज का खाली करतात, हा त्यांचा प्रश्न. हे दोन्ही विषय कुठल्याच धड्याखालच्या 'स्वाध्याया'त सापडणार नाहीत. पण दहा मिनिटांचा एपिसोड करायला वाचावं लागतं, लोकांना गाठावं लागतं, कोणाचं खरं ते पडताळावं लागतं, लिहावं लागतं, कापावं लागतं. हा सगळा अभ्यासच आहे की.

मास कॉमच्या रेडिओ प्रॅक्टिकलला मी पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण त्यानंतर मी स्क्रिप्ट पाचदा लिहिली. निबंध आयुष्यात कधी दुसऱ्यांदा लिहिला नव्हता!

'आपल्याकडे या सगळ्याला वेळ कुठे आहे? पोर्शन संपत नाही,' असं शिक्षक म्हणतील आणि ते खोटं नाही. पण जागा आहे, आणि तीही मार्कांसकट. दहावीच्या भाषा विषयांना ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. २०१९ च्या परीक्षेला राज्य मंडळाने हे २० गुण काढून टाकले होते. शाळा सढळ हाताने मार्क वाटतात, ही जुनी तक्रार होतीच. त्या वर्षी, म्हणजे आमच्या बॅचचा, दहावीचा निकाल ७७.१० टक्के लागला. आदल्या वर्षी तो ८९.४१ टक्के होता. अभ्यासक्रम आणि पेपरचा पॅटर्नही तेव्हा बदलला होता. पण ओरड झाली ती त्या २० गुणांची आणि पुढच्याच वर्षी ते परत आले.

भांडण झालं ते सगळं टक्क्यांवर. तोंडी परीक्षेत मुलं खरंच बोलतात का, हे कोणी विचारलं नाही. पस्तीस मिनिटांच्या तासात साठ मुलांची तोंडी म्हणजे प्रत्येकाला जेमतेम अर्धा मिनिट. 'कविता म्हण', दोन ओळी, 'बस, पुढचा'. हीच २० गुणांची जागा गटाने केलेल्या पाच मिनिटांच्या एपिसोडला दिली तर? साठ मुलांचे बारा गट, बारा एपिसोड, एका तासाभरात ऐकून होतात. गावच्या बाजाराची, बंद पडलेल्या गिरणीची, आजीच्या लग्नाची गोष्ट. आणि आजी तिच्या वऱ्हाडीत, अहिराणीत किंवा मालवणीत बोलेल. जी बोली वर्गात आली की 'नीट बोल' ऐकावं लागतं, ती रेकॉर्डिंगमध्ये पुरावा म्हणून मानाने येईल.

अडचणी आहेतच. स्टुडिओ नको, साधा फोन आणि ऑडॅसिटीसारखं फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं. पण फोन कोणाचा, हा प्रश्न उरतोच. तो घरून मागवला तर ज्याच्याकडे नाही तो पुन्हा मागे पडणार. म्हणून गटाला एक फोन आणि तो शाळेचा किंवा शिक्षकांचा. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी स्क्रिप्ट कागदावर हवी. आणि मुलांचे आवाज थेट यूट्यूबवर टाकायची घाई नको. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, असं म्हटलंय. एपिसोड वर्गात, फार तर पालकसभेत ऐकवला तरी पुरे. व्ह्यूज हा इथला मुद्दाच नाही.

ऐकवायचा पॉडकास्ट आता मशीन दोन मिनिटांत बनवून देतं. तो शाळेने बनवला काय नि न बनवला काय, फरक पडत नाही. मशीनला जमणार नाही ते एकच: आठवीतल्या मुलीने शेजारच्या काकूंना प्रश्न विचारणं आणि उत्तर येईपर्यंत थांबणं. ते शिकवायला मोठी योजना लागत नाही. या सुट्टीत घरी गेलात तर आपल्या जुन्या शाळेत चक्कर मारा. बाईंना विचारा, 'एक शनिवार द्याल का?' एडिटिंग आपल्याला येतंच. मुलांना फक्त फोन धरायला द्यायचा आणि आपण जरा गप्प बसायचं.