'जो'ला विसरू नका

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. जर्मन विषय घेतला तेव्हा मित्र म्हणाले, "आधी इंग्रजी तरी धड येऊ दे!" पुस्तक इंग्रजीत, समजावून सांगणेही इंग्रजीतून. संबंधी सर्वनामांचा पाठ आला आणि मी पार गोंधळलो. इंग्रजीतला 'हू' बहुतेक ठिकाणी चालून जातो, कधी गाळलाही जातो. जर्मनमध्ये मात्र गाळायची सोय नाही. शिवाय कधी 'देर', कधी 'देन', कधी 'देम'!

एका रात्री तो नियम मी मराठीत लिहून पाहिला. सर्वनामाचे लिंग-वचन आधीच्या नामावरून ठरते. विभक्ती मात्र त्याच्या स्वतःच्या वाक्यातील कामावरून. अरेच्चा, हा तर आपला जो, ज्याला, ज्याचा! लिंगेही तीनच : देर मान, दी फ्राउ, दास किंट, तो पुरुष, ती स्त्री, ते मूल. 'देन इश गेझेएन हाबं' म्हणजे 'ज्याला मी पाहिले आहे'. शब्दांचा क्रमसुद्धा तोच. इंग्रजीत 'हॅव' आधी आणि 'सीन' नंतर.

फरकही आहे. जर्मनमध्ये हे गौण वाक्य नामानंतर येते आणि स्वल्पविराम सक्तीचा असतो. आपला 'जो' बहुधा आधी येतो, 'तो' नंतर. एके ठिकाणी तर मराठीच सरस ठरते. 'दास किंट, दास दी मुटर झूख्ट' याचे अर्थ दोन होतात : आईला शोधणारे मूल, किंवा आई ज्याला शोधते आहे ते मूल. 'दास' आणि 'दी' यांची प्रथमा व द्वितीया सारखीच, म्हणून मागचापुढचा संदर्भ पाहावा लागतो. मराठीत 'जे मूल आईला शोधते' आणि 'ज्या मुलाला आई शोधते' यांत शंकेला जागाच नाही. माझी आई शाळेत गेलेली नाही. पण 'जे' आणि 'ज्याला' यांत तिची चूक झालेली मी कधी ऐकली नाही.

मग जर्मनच्या घरात इंग्रजीच्याच दाराने का शिरावे? बोलण्याचा सराव जर्मनमधूनच व्हावा, हे मान्य. वर्गात सगळेच मराठी नसतात, हेही खरे. माझी प्राध्यापकांना नम्र विनंती एवढीच, की फळ्यावर 'हू'च्या शेजारी 'जो'ही लिहावा. ज्याला इंग्रजी कमी येते, त्याला व्याकरणच कळत नाही, असे नव्हे.