कास्तकाराचे शब्द

परवा डोणगावच्या बाजारात एकानं कौतुकानं विचारलं, "भाई, मुसलमान असून तुमचं मराठी इतकं साफ कसं?" राग नाही आला, हसू आलं. त्यांच्या वाक्यातला 'साफ' अरबी होता.

आमच्या वऱ्हाडात शेतकऱ्याला कास्तकार म्हणतात. शब्द फारसी. तो पेरतो खरीप आणि रब्बी. दोन्ही अरबी; खरीफ म्हणजे शरद, रबी म्हणजे वसंत. सातबाऱ्यासाठी फिरताना जमीन, हद्द, वारस, नक्कल, तहसील हे शब्द कोण टाळतो? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. राज्य नवं होतं, त्याची भाषाही हवी होती. त्यात मला वावगं वाटत नाही. पण वावरात खरीप खरीपच राहिला.

इंडोनेशियातली सत्ता डचांनी १९४९ साली सोडली. त्यांचा 'कांतोर' म्हणजे ऑफिस आणि 'हांडुक' म्हणजे टॉवेल मात्र तिथंच राहिले. आणि खुर्चीला ते म्हणतात 'कुर्सी'. तीही अरबी, आपल्या खुर्चीची सख्खी बहीण.

मग नवल माझ्याच मराठीचं का? याच भाषेत आमच्या आजोबांनी पेरण्या केल्या, सावकाराशी हुज्जत घातली.